उलाढालीचा आकडा आणि योगदानाचा हिशेब

व्यावसायिक सभा, परिषदा, अधिवेशने आणि प्रदर्शने भरविणारा जो एक स्वतंत्र व्यवसाय गेल्या काही दशकांत जगभर उभा राहिला, त्याच्या पुरस्कर्त्यांनी २०१८ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. आणि त्या अहवालातील एक दावा तेव्हापासून प्रत्येक व्यासपीठावरून, प्रत्येक सरकारी निवेदनातून आणि सभागृहांच्या प्रत्येक नव्या योजनेच्या प्रस्तावनेतून पुनःपुन्हा मांडला जात आहे. हा व्यवसाय एखादे राष्ट्र असता, तर उत्पन्नाच्या मानाने जगातील राष्ट्रांत त्याचा क्रमांक तेरावा लागला असता, असा तो दावा. इव्हेंट्स इंडस्ट्री कौन्सिल या व्यावसायिक मंडळासाठी ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्स या संस्थेने केलेल्या त्या पाहणीप्रमाणे २०१७ साली १८० हून अधिक देशांत मिळून सुमारे दीड अब्ज लोक अशा सभांना उपस्थित राहिले, त्यापायी १,०७० अब्ज डॉलर प्रत्यक्ष खर्च झाले, त्यातून सुमारे ६२१ अब्ज डॉलरांचे उत्पन्न थेट निर्माण झाले, आणि आनुषंगिक परिणाम धरता हे उत्पन्न दीड हजार अब्ज डॉलरांवर गेले. शेवटच्या आकड्यावरून तेरावा क्रमांक काढलेला आहे. या आकड्यांच्या बेरजेत चूक आहे असे माझे म्हणणे नाही. त्या बेरजेला ‘योगदान’ म्हणून जे प्रतिष्ठेचे आसन दिले गेले आहे, त्यावर तिचा अधिकार नाही, एवढेच मला येथे सप्रमाण सांगावयाचे आहे.

हा वाद केवळ संख्याशास्त्रज्ञांच्या दफ्तरात मिटावा अशा योग्यतेचा असता, तर त्यासाठी वाचकांचा वेळ घेण्याचे कारण नव्हते. परंतु याच आकड्यांच्या आधारे नगरपालिका कर्जरोखे काढतात, सरकारे मोक्याच्या जमिनी देतात, करांत सवलती जाहीर होतात आणि सार्वजनिक तिजोरीतून प्रचंड सभागृहांची तरतूद केली जाते. ज्या आकड्यावर रयतेचा पैसा खर्ची पडतो, त्याची फेरतपासणी करण्याचा हक्क रयतेला असलाच पाहिजे.

प्रथम ज्याचे श्रेय त्याला देणे उचित होय. २००६ पर्यंत या व्यवसायाचा हिशेब कोणत्याही देशाच्या राष्ट्रीय लेख्यांत स्वतंत्रपणे सापडत नव्हता. त्याचे तुकडे हॉटेले, विमानवाहतूक, भोजनव्यवस्था, मुद्रण, प्रकाशयोजना अशा अनेक सदरांत विखुरलेले होते. त्या वर्षी जागतिक पर्यटन संघटनेने या व्यवसायातील संस्थांच्या साहाय्याने एक पद्धती आखली आणि सभेची व्याख्या निश्चित केली: किमान दहा माणसे, किमान अर्धा दिवस आणि भाड्याने किंवा कराराने घेतलेली जागा. पर्यटनाच्या मोजणीसाठी राष्ट्रांनी जी पूरक हिशेबपद्धती स्वीकारली, जी सॅटेलाइट अकाउंट या नावाने ओळखली जाते आणि जिच्यानुसार भारतानेही २००२–०३ पासून पर्यटनाचे लेखे तयार केले, तिचाच हा विस्तार होता. त्या पद्धतीचा कणा असा की पर्यटनाच्या खात्यावर मांडावयाचे राष्ट्रीय उत्पन्न हे प्रत्यक्ष परिणामापुरतेच मोजावयाचे. त्यापुढील दूरचे तरंग त्या आकड्यात मिसळावयाचे नाहीत. ही मर्यादा शहाणपणाची होती. पुढे जे बिघडले, ते ही मर्यादा ओलांडल्यामुळे बिघडले.

मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. तेथील कन्व्हेन्शन इंडस्ट्री कौन्सिलने प्राइसवॉटरहाउसकूपर्स या हिशेबतपासनीस संस्थेकडून २००९ सालची पाहणी करवून घेतली आणि २०११ मध्ये तिचे निष्कर्ष जाहीर केले. वर्षभरात १८ लाख सभा झाल्या, २० कोटी ५० लाख उपस्थिती नोंदली गेली आणि २६३ अब्ज डॉलर खर्च झाले. या खर्चातून राष्ट्रीय उत्पन्नात पडलेली प्रत्यक्ष भर १०६ अब्ज डॉलरांची होती. आनुषंगिक परिणाम मिळवले की तीच भर ४५८ अब्ज होते. आणि उत्पन्नाऐवजी एकूण उत्पादनमूल्य धरले, तर ती ९०७ अब्जांवर जाते. एकच व्यवसाय, एकच देश, एकच वर्ष आणि एकच अहवाल. तरीही त्याच्या थोरवीचे चार आकडे, ज्यांतील सर्वांत मोठा सर्वांत लहानाच्या साडेआठपट आहे. भाषणात कोणता आकडा उच्चारला जातो हे सांगावयास नकोच. राष्ट्रीय उत्पन्नाशी ज्याची तुलना खऱ्या अर्थाने करता येते, तो १०६ अब्जांचा आकडा मात्र अहवालाच्या पानांतच राहतो.

येथे एका मूलभूत तत्त्वाचे स्मरण करून दिले पाहिजे. शेतकऱ्याने हजार रुपयांचा ऊस विकला, कारखान्याने त्याची दीड हजारांची साखर केली आणि हलवायाने त्या साखरेचे अडीच हजारांचे पेढे विकले, तर गावाचे उत्पन्न पाच हजार झाले असे कोणताही जाणता कारकून लिहीत नाही. कारण पेढ्यांच्या किमतीत साखर आणि साखरेच्या किमतीत ऊस आधीच आलेला आहे. प्रत्येक टप्प्यावर जी नवी भर पडली तेवढीच मोजावयाची, हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेचा पहिला धडा आहे. परिषदेला आलेल्या प्रतिनिधीने हॉटेलास दिलेली रक्कम ही हॉटेलाची भर नव्हे. तीतून धान्य, वीज, वस्त्रे, यंत्रे आणि आयात मद्य यांची किंमत वजा केल्यावर जे उरते, ते हॉटेलाचे. शिवाय ज्या कंपनीने त्या प्रतिनिधीला पाठविले, तिच्या खातेवहीत त्याचा प्रवास आणि निवास हा उत्पादनाचा खर्च म्हणून पडतो आणि अखेरीस तिच्या मालाच्या किमतीत समाविष्ट होतो. एकूण खर्च किंवा एकूण उत्पादनमूल्य हेच योगदान म्हणून मिरविणे म्हणजे तोच पैसा जितक्या हातांतून गेला तितक्या वेळा मोजणे होय.

आता तेराव्या राष्ट्राच्या उपमेकडे वळू. दीड हजार अब्जांचा तो आकडा उत्पादनमूल्याचा नसून उत्पन्नाचाच आहे, हे खरे. म्हणून वरवर पाहता राष्ट्रांशी केलेली तुलना निर्दोष भासते. परंतु त्यातील निम्म्याहून अधिक भाग आनुषंगिक आहे, म्हणजे सभांना माल पुरविणाऱ्यांचे आणि त्या सर्वांच्या नोकरांनी आपल्या पगारातून केलेल्या खरेदीमुळे इतरांना मिळालेले उत्पन्न त्यात धरले आहे. हॉटेलातील वाढप्याने आपल्या मुलाच्या शाळेची फी भरली, तर शिक्षकाच्या पगाराचा अंशही सभाव्यवसायाच्या खात्यावर जमा होतो. आता हाच न्याय शिक्षणव्यवसायाने लावला, शेतीने लावला, विमानवाहतुकीने लावला, बांधकामाने लावला, तर प्रत्येकाचे दावे आपापल्या परीने सुसंगत ठरतील आणि सर्वांची बेरीज जगाच्या एकूण उत्पन्नाच्या कितीतरी पट भरेल. ज्या राष्ट्राशी तुलना करावयाची, त्याच्या उत्पन्नात दुसऱ्या राष्ट्रांत त्याच्यामुळे निर्माण झालेले उत्पन्न मिळविलेले नसते. म्हणजे एका पारड्यात निव्वळ वजन आणि दुसऱ्या पारड्यात शेजाऱ्यांच्या मालासह वजन ठेवून ही तुलना झालेली आहे, आणि तिच्यातून निघालेला क्रमांक त्याज्य होय.

आनुषंगिक परिणामच मुळी खोटे, असे मात्र कोणी समजू नये. रिचर्ड कान यांनी १९३१ साली गुणकाची कल्पना मांडली आणि केन्स यांनी तिला आपल्या सिद्धान्तात मानाचे स्थान दिले, ती बेकारीच्या काळात पडून राहिलेल्या श्रमाला काम मिळाल्यास काय होईल याचा विचार करताना. लिओन्तिएफ यांच्या आदानप्रदानाच्या कोष्टकांनी एका धंद्याच्या मागणीचे पडसाद इतर धंद्यांत कसे उमटतात हे दाखविले आणि त्या कार्याला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ही साधने थोर आहेत. परंतु त्या कोष्टकांवरून केलेल्या अशा गणितात हॉटेलांच्या खोल्या, कुशल कामगार आणि भांडवल हवे तेवढे, त्याच भावात, कोणाच्याही हातून न काढता उपलब्ध होईल असे गृहीत असते. प्रत्यक्षात मोठे अधिवेशन भरले की खोल्यांचे दर चढतात, सामान्य प्रवासी त्या शहराकडे पाठ फिरवतो आणि एकाच्या लाभात दुसऱ्याची हानी दडून राहते. लॅरी ड्वायर, पीटर फोरसाइथ आणि रे स्पर या ऑस्ट्रेलियातील अर्थशास्त्रज्ञांनी हे परिणाम जमेस धरणारी प्रतिमाने वापरून दाखविले आहे की, कोष्टकांच्या आधारे काढलेले लाभ बहुधा अतिशयोक्त असतात. आणि विचाराची कक्षा शहरावरून राष्ट्रापर्यंत वाढविली की त्यांतील बराच भाग नाहीसा होतो, कारण एका शहराने मिळविलेला खर्च हा पुष्कळदा दुसऱ्या शहराने गमावलेला असतो.

गुणक किती विश्वसनीय आहे, याची साक्ष या व्यवसायाच्या स्वतःच्या अहवालांनीच दिली आहे. अमेरिकेत २००९ साली प्रत्यक्ष खर्च २६३ अब्ज होता आणि एकूण उत्पादनमूल्य ९०७ अब्ज सांगितले गेले. पुढे २०१६ सालासाठी ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्सने तीच मोजणी केली, तेव्हा प्रत्यक्ष खर्च ३२५ अब्जांपर्यंत वाढलेला आढळला, पण एकूण उत्पादनमूल्य ८४५ अब्ज भरले. खर्च वाढला आणि त्याचा परिणाम घटला! या सात वर्षांत अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेतील पडसाद एवढे क्षीण झाले असे कोणी म्हणणार नाही. मोजणाऱ्याची पद्धत बदलली, म्हणून आकडा बदलला. कोणत्याही संस्थेवर अप्रामाणिकपणाचा आरोप करण्याचे येथे कारण नाही. परंतु जो आकडा मोजणाऱ्यागणिक असा हलतो, त्यावर सार्वजनिक धोरणाची इमारत उभारणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

याहून गंभीर प्रश्न असा की, सभा झाली नसती तर काय झाले असते, हे या मोजणीत कोणी विचारीतच नाही. टेक्सासमधील प्राध्यापक जॉन क्रॉम्प्टन यांनी १९९५ साली क्रीडासोहळ्यांच्या आर्थिक मोजणीत होणाऱ्या गैरवापराचे अकरा प्रकार नोंदविले. त्यांतील बहुतेक सर्व परिषदांच्या मोजणीलाही लागू पडतात. स्थानिक रहिवाशाचा खर्च हा नवा खर्च नव्हे, तो शहरातच अन्यत्र झाला असता. जो प्रवासी तसाही येणारच होता आणि ज्याने केवळ तारीख बदलली, त्याचा खर्च नवा नव्हे. जो पैसा आला आणि दूरच्या शहरातील मालकाकडे नफा म्हणून परत गेला, तो शहराचा नव्हे. उभ्या देशाचा विचार करावयाचा तर, देशी कंपन्यांनी देशी प्रतिनिधींसाठी केलेला खर्च हा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला पैसा आहे. परदेशातून आलेला प्रतिनिधी तेवढा निराळा. या सर्व वजावटी केल्यावर उरेल तो आकडा लहान असेल, पण तो खरा असेल.

यावर प्रतिपक्षाची कैफियत काय आहे, ती न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्ही हे आकडे हौसेने मोजू लागलो नाही. आमच्यावर संकट आले म्हणून मोजू लागलो. हे खरे आहे. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकी सरकारने एआयजी या विमाकंपनीला ८५ अब्ज डॉलरांचे साहाय्य देऊन वाचविले आणि त्यानंतर काही दिवसांतच तिच्या एका उपकंपनीने कॅलिफोर्नियातील एका विलासी हॉटेलात विमाप्रतिनिधींचा मेळावा भरवून चार लाख चाळीस हजार डॉलरांहून अधिक रक्कम खर्च केली. लोकक्षोभ उसळला, पुढील फेब्रुवारीत अध्यक्ष ओबामा यांनी, करदात्यांच्या पैशावर लास वेगासच्या सहली करता येणार नाहीत, अशा आशयाचे उद्गार काढले, आणि धास्तावलेल्या कंपन्यांनी निर्दोष सभाही रद्द केल्या. त्यात हॉटेलांतील सेवकांची, सजावट करणाऱ्यांची, भोजन पुरविणाऱ्यांची रोजी बुडाली. त्यांची फिर्याद रास्त होती. परंतु तिला जे उत्तर दिले गेले, ते तर्काच्या कसोटीला उतरत नाही. आरोप असा होता की, या सभांत पैसा व्यर्थ खर्च होतो. उत्तर असे आले की, या सभांत २६३ अब्ज डॉलर खर्च होतात. हे उत्तर आरोपाचे खंडन करीत नाही. ते आरोपाचे परिमाण सांगते. व्यर्थतेचा आरोप खोडून काढावयाचा असेल, तर खर्चाच्या मोबदल्यात काय मिळाले हे दाखवावे लागते, आणि नेमके तेच या अहवालांनी बाजूस ठेवले.

दुसरे म्हणणे रोजगाराचे. जगभर एक कोटी तीन लाख माणसे या व्यवसायात थेट काम करतात असे २०१७ सालच्या पाहणीत म्हटले आहे, आणि त्या माणसांच्या श्रमाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पहाटे चारला उठून हजार माणसांचा नाश्ता सिद्ध करणारा आचारी किंवा रात्रीतून प्रदर्शनाचे गाळे उभे करणारा सुतार हा समाजाचा सन्मान्य उत्पादक आहे. परंतु एखादा धंदा काही लोकांना काम देतो आणि तो धंदा नसता तर ते सर्व बेकार राहिले असते, ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्यावरून दुसरे गृहीत धरणे म्हणजे त्या कष्टकऱ्यांच्या नावावर दुसऱ्याच कोणाचा दावा पुढे रेटणे होय. तिसरे म्हणणे असे की, क्रीडा, चित्रपट, विमानवाहतूक हे सारेच व्यवसाय अशी मोजणी करतात, मग आम्हीच का करू नये? याला उत्तर एकच: सर्वांनी केलेली अतिशयोक्ती अखेर अतिशयोक्तीच राहते, आणि सर्वांनी ती केली म्हणजे सरकारला कोणाच्याच आकड्यावरून तारतम्य ठरविता येत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणाला वाटेल की परिषदांना मी क्षुल्लक मानतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. त्यांचे मोल हॉटेलाच्या बिलात शोधणे हा त्यांचाच अवमान आहे, अशी माझी श्रद्धा आहे. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे एका डोंगराळ हॉटेलात ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी तीन आठवडे एकत्र बसले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्या सभेतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्था जन्मल्या आणि पुढील पाव शतकाची चलनव्यवस्था ठरली. आजची मोजणी त्या परिषदेला लावली, तर तिचे योगदान म्हणून खोल्यांचे भाडे, भोजनाचा खर्च आणि रेल्वेची तिकिटे एवढेच हाती लागेल. ज्या मापाने ब्रेटन वुड्सची परिषद आणि त्याच हॉटेलातील तितक्याच दिवसांचा निष्फळ मेळावा सारखेच भरतात, ते माप सभेचे नाही, जागेच्या भाड्याचे आहे. दहा माणसे, अर्धा दिवस आणि कराराची जागा या व्याख्येतच ही उणीव बीजरूपाने आहे: कारखान्याने स्वतःच्या आवारात पाचशे कामगारांना एकत्र करून नवे तंत्र शिकविले तर ते मोजणीबाहेर राहते, आणि हॉटेलाच्या खोलीत दहा जण निरर्थक बोलत बसले तर ते मोजले जाते.

ज्ञान, व्यापार आणि सहकार्य यांचे मोजमाप अशक्य आहे म्हणून आम्ही खर्च मोजतो, ही सबबही टिकत नाही. २०१२ साली अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचे न्यू ऑर्लीन्स येथील अधिवेशन आयझॅक नावाच्या चक्रीवादळामुळे ऐनवेळी रद्द झाले. काही अर्थशास्त्रज्ञांनी या आपत्तीत संशोधनाची संधी पाहिली. जे भेटणार होते पण भेटू शकले नाहीत, त्यांच्या पुढील लेखनाचा त्यांनी शोध घेतला, आणि त्या अधिवेशनाच्या अपेक्षित उपस्थितांपैकी कोणाशी तरी मिळून निबंध लिहिण्याची शक्यता सोळा टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. हे झाले सभेच्या योगदानाचे खरे मोजमाप, कारण येथे सभा झाली असती तर आणि झाली नाही तर, या दोन स्थितींतील अंतर मोजलेले आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याच्या बांधकामावर सरकारने किती रुपये ओतले, हे कालव्याचे योगदान, असे त्यांनी म्हटले नाही. पाणी आल्याने पिकांत, मजुरीत आणि व्यापारात काय बदल घडला, याचा त्यांनी शोध घेतला. अप्रत्यक्ष लाभ त्यांनी नाकारले नाहीत, पण ते कोष्टकातून गुणून काढण्याऐवजी शेतावर जाऊन शोधले. पाऊण शतकापूर्वी नगर जिल्ह्यातील उसाच्या शेतांना जो काटेकोर न्याय लावला गेला, तो आजच्या वातानुकूलित सभागृहांना का लावू नये?

न लावल्यास काय होते, तेही अमेरिकेने पाहिले आहे. हेवूड सँडर्स या अभ्यासकांनी २००५ साली ब्रुकिंग्ज संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालात दाखविले की, १९९० पासून तेथील प्रदर्शनगृहांची जागा निम्म्याने वाढली आणि त्यांवरील सार्वजनिक खर्च एका दशकात दुप्पट होऊन वर्षाला २.४ अब्ज डॉलरांवर गेला. पण सर्वांत मोठ्या २०० व्यापारी प्रदर्शनांची उपस्थिती १९९३ च्या पातळीवर येऊन थबकली होती. प्रत्येक शहराला आपल्या सल्लागाराने दिलेला आकडा खरा वाटला, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याच्या हातून काढून घ्यावयाच्या त्याच प्रतिनिधींसाठी नवे सभागृह बांधले.

आपला देश आता त्याच वळणावर आहे. १९५६ साली युनेस्कोची साधारण परिषद दिल्लीत भरली, त्या सुमारास विज्ञान भवन आणि अशोक हॉटेल उभी राहिली. नव्या राष्ट्राला जगाचे आतिथ्य करावयाचे होते, हे त्यांचे कारण उघड आणि प्रामाणिक होते. २०२३ साली जुलैत सुमारे २,७०० कोटी रुपयांचा भारत मंडपम आणि सप्टेंबरात द्वारकेतील यशोभूमीचा सुमारे ५,४०० कोटींचा पहिला टप्पा दिल्लीत खुला झाला. मुंबईत वांद्रे–कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर २०२२ साली सुरू झाले, ते खाजगी भांडवलावर. तेथे तोटा झाला तर तो मालक सोसेल, म्हणून त्याच्या हिशेबाची चिकित्सा भागधारकांनी करावी. सार्वजनिक पैशाच्या सभागृहाची चिकित्सा मात्र नागरिकांचे कर्तव्य आहे. राष्ट्राच्या मानासाठी एखादी वास्तू उभारावयाची असेल, तर तसे स्पष्ट म्हणून विधिमंडळाची मंजुरी घ्यावी. त्यासाठी आर्थिक योगदानाचा बनाव करण्याची गरज नाही.

आणि योगदानाच्याच नावाने पैसा मागावयाचा असेल, तर केंद्राने, राज्याने आणि महानगरपालिकांनी कोणत्याही सभागृहाच्या मंजुरीपूर्वी चार रकमा छापून प्रसिद्ध कराव्यात: प्रत्यक्ष उत्पन्नातील भर किती, तीपैकी बाहेरून आलेल्या पाहुण्यांमुळे किती, नफा, आयात आणि विस्थापित ग्राहक यांच्या रूपाने बाहेर किती गेले, आणि तोच पैसा शाळा, रुग्णालये किंवा पाणीपुरवठा यांवर लावला असता तर किती मिळाले असते. सभागृह चालू झाल्यावर दर तीन वर्षांनी, त्या व्यवसायाशी हितसंबंध नसलेल्या संस्थेकडून हा हिशेब पुन्हा तपासून घ्यावा. जो व्यवसाय खरोखर समाजाच्या उपयोगी पडतो, त्याला या तपासणीची भीती वाटण्याचे कारण नाही. आणि ज्या सभागृहाची मागणी या चार रकमांच्या उजेडात टिकत नाही, त्याला सार्वजनिक तिजोरीतून एक रुपयाही देण्यात येऊ नये.